भाऊसाहेबांचे भिंग-प्रकरण

जिल्ह्याच्या प्रत्येक गावी काही अधिकारपदे अशी असतात, की ज्यांना सरकारी सनद लागत नाही, वेतन नसते, निवडणूकही होत नाही. आणि तरीही त्या पदावरचा मनुष्य हयात असेतोवर दुसऱ्या कोणाची तेथे नेमणूक संभवत नाही. वाटणीच्या दाव्यात वकिलाच्याही अगोदर ज्याच्या ओट्यावर लोक जाऊन बसतात असा एक असतो. मूळव्याधीवर झाडपाल्याचे अमोघ औषध सांगणारा एक असतो. बैलाचे दात पाहून त्याचे वय आणि विकणाऱ्याची नियत ही दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात सांगणारा एक असतो. ह्या प्राचीन मालिकेत अलीकडे एका नव्या पदाची भर पडली आहे, आणि ते म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स कोणती घ्यावी हे सांगणाऱ्या गृहस्थाचे. मुंबई-पुण्याकडे असे गृहस्थ गल्लोगल्ली असल्यामुळे त्यांचा भाव पडलेला आहे. परंतु आमच्या नगरात, म्हणजे कागदोपत्री आता अहिल्यानगरात, पण एस. टी.च्या कंडक्टरच्या तोंडी अद्याप नगरातच, ही गादी एकुलती एक असून तीवर भाऊसाहेब विराजमान आहेत.

भाऊसाहेब हे त्यांचे नाव नव्हे, हुद्दा आहे. तरुणपणी ते पाथर्डीकडे तलाठी होते, आणि तलाठ्यास भाऊसाहेब म्हणण्याची आपल्याकडे रीत असल्यामुळे ते संबोधन त्यांना जे चिकटले ते चिकटलेच. पुढे ते मंडळ अधिकारी झाले, अव्वल कारकून झाले, नायब तहसीलदार होऊन सन्मानाने सेवानिवृत्तही झाले. पण ह्या पदोन्नतींचे हुकूम लोकांच्या जिभेपर्यंत कधी पोहोचले नाहीत. निवृत्तीच्या रकमेतून त्यांनी एक चांगला कॅमेरा खरेदी केला, आणि त्या कॅमेऱ्यासोबत एकाच खोक्यात जी १८ ते ५५ मिलिमीटरची किट लेन्स येते, ती ‘कायमस्वरूपी व्यवस्था होईपर्यंत तात्पुरती’ म्हणून त्यावर चढवली. महसूल खात्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना तात्पुरत्या व्यवस्थेचे आयुर्मान सांगण्याचे प्रयोजन नाही. ती लेन्स आजही तेथेच आहे.

त्यांचा वेष मात्र तात्पुरता नाही. सावेडीच्या रस्त्याने सकाळी फिरावयास निघालेल्या ह्या वृद्ध गृहस्थाच्या अंगावर खिशांनी भरलेले जे खाकी जाकीट असते, त्याच्या एका खिशात धूळ उडविण्याचा रबरी फुगा, दुसऱ्यात मऊ केसांचा कुंचला, तिसऱ्यात चष्म्याच्या दुकानातून मागून आणलेली फडकी, आणि उरलेल्या सर्व खिशांत सिलिका जेलच्या पुड्या असतात. सगळ्या आप्तेष्टांना सक्त ताकीद आहे, की नव्या जोड्याच्या खोक्यातली ती पुडी फेकावयाची नाही. ती नगरला पोहोचती करावयाची. कारण भाऊसाहेबांना बुरशीचे भय आहे. वास्तविक अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला, तर आमचा जिल्हा पर्जन्यछायेत पडतो, आणि जेथे माणसांनाच ओलावा दुर्मीळ तेथे तो बुरशीला कोठून मिळणार, पण हे त्यांना सुचविले असता, “आज नाही, उद्या लेन्स घेतल्यावर धावाधाव करणार का?” असा त्यांचा बिनतोड सवाल असतो. अजून न घेतलेल्या लेन्सला न लागलेल्या बुरशीचा इतका आगाऊ बंदोबस्त दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

कायमस्वरूपी व्यवस्था कोणती, ह्या एका प्रश्नाची त्यांनी रीतसर नस्ती उघडलेली आहे. तांबड्या फितीने बांधलेल्या त्या फायलीवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरांत ‘भिंग-खरेदी प्रकरण’ असे शीर्षक असून आत टिपणी एकीकडे व पत्रव्यवहार दुसरीकडे अशी शिस्तीची मांडणी आहे. पत्रव्यवहार म्हणजे कंपन्यांची माहितीपत्रके, दुकानदारांची दरपत्रके आणि पुण्यातल्या भाच्याची पत्रे. वादी-प्रतिवादी दोन. वादी म्हणजे ती एकच सर्वसमावेशक झूम लेन्स, जी एकदा कॅमेऱ्यावर चढली की पुन्हा उतरवावयाची नाही. उदाहरणादाखल टॅम्रॉन कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेली १८ ते ४०० मिलिमीटरची, जिच्या एका टोकाला अख्खा डोंगर मावतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच डोंगरावरच्या गुराख्याच्या पागोट्याचा पीळ दिसतो, आणि हे सारे सुमारे सातशे ग्रॅम वजनात. प्रतिवादी म्हणजे एफ २.८ ची ती सुप्रसिद्ध त्रिमूर्ती: १६ ते ३५, २४ ते ७० आणि ७० ते २००. तिघींचे वजन तीन किलोच्या घरात, आणि एकेकीची किंमत अशी, की तीत चांगली मोटारसायकल दारात उभी राहावी. शिवाय त्रिमूर्तीला शोभेसा कॅमेरा मोठ्या सेन्सरचा पाहिजे, आणि भाऊसाहेबांचा तर लहान सेन्सरचा. सबब ‘कॅमेराच बदलावा काय’ असे उपप्रकरण त्यातून निघाले, आणि त्याची फाईल आता मूळ फायलीहून जाड झाली आहे.

ह्या वादातले मर्म भाऊसाहेब इतके सोपे करून सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावे हा मनुष्य आज सायंकाळीच लेन्स घेऊन घरी येणार. १९०२ साली जर्मनीत पॉल रुडोल्फ ह्यांनी केवळ चार काचांची टेसार लेन्स रचली, आणि तिच्या तीक्ष्णतेने पिढ्यान्‌पिढ्या छायाचित्रकारांना वेड लावले. चारच काचा, पण त्यांना काम एकच आणि अंतर एकच, म्हणून प्रत्येकीचा दोष दुसरीने झाकला. पुढे १९५९ साली फोइग्टलेंडरची झूमार आली, स्थिर छायाचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी निघालेली पहिली झूम लेन्स, ३६ ते ८२ मिलिमीटरची. म्हणजे सव्वादोन पटींचा पल्ला. आजच्या त्या टॅम्रॉनचा पल्ला बावीस पटींहून अधिक असून आत सोळा काचा अकरा गटांत मांडलेल्या आहेत, आणि कडे फिरविताच त्यांतल्या काही पुढे धावतात, काही मागे सरतात. “बांधाच्या तंट्यासारखं आहे हे,” भाऊसाहेब म्हणतात. “पूर्वेच्या गड्याचं समाधान करायला बांध हातभर सरकवला, की पश्चिमेचा अर्ज घेऊन उभा. अठराला रेषा सरळ केल्या, तर चारशेला कडांवर जांभळी झालर येते. झालर काढली, तर कोपरे मऊ पडतात. कोणीच तक्रार करणार नाही अशी मोजणी तीन भावांत तीन वेगळे गट पाडल्याशिवाय होत नाही.” हे झाले त्रिमूर्तीच्या बाजूने. लगेच दुसऱ्या श्वासात ते वादीचे वकीलपत्र घेतात, आणि तीन गट पाडल्यावर तीन विहिरी, तीन मोटारी आणि तीन वीजबिले कशी भरावी लागतात, हे तितक्याच आत्मीयतेने सांगतात. न्यायाधीश, दोन्ही वकील आणि पेशकार ही सर्व कामे एकच मनुष्य करीत असल्यामुळे कोणावरही अन्याय होत नाही, आणि निकालही होत नाही.

वित्त विभागाची मान्यता हा ह्या प्रकरणातला स्वतंत्र अध्याय आहे. वित्त विभाग म्हणजे आमच्या वहिनी. त्यांचा खर्चाला विरोध नाही, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. उलट, निवृत्त माणसाने काहीतरी घेऊन टाकावे आणि जेवणाच्या वेळी जेवावे असे त्यांचे स्वच्छ मत आहे. त्यांची हरकत एकच. “अहो, काय घ्यायचं ते घ्या, पण शनिवारी नको. लोखंड असतं त्यात.” ज्या जिल्ह्यात शिंगणापूर आहे, जेथे घरांना दारे न लावता लोक शनिदेवाच्या भरवशावर झोपतात, त्या जिल्ह्यात ही हरकत टाळण्यासारखी नव्हती. भाऊसाहेबांनी तिची चौकशी लावली. लेन्सची नळी बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची अथवा प्लॅस्टिकची, कॅमेऱ्याला जोडणारे कडे पितळेचे किंवा पोलादाचे, स्क्रू तेवढे संशयास्पद. ‘सबब लोखंडाचा अंश नगण्य असला, तरी विभागाच्या भावनांचा आदर राखून शनिवार वगळण्यात यावा,’ असा शेरा त्या पानावर आहे. पुण्याच्या मोठ्या दुकानात जावयाचे तर भाच्याला सवड शनिवारीच असते, ही गोष्ट त्याच पानावर खाली पेन्सिलीने लिहिलेली आहे.

प्रकरणात स्थळनिरीक्षणे दोन झाली आणि दोन्ही वेळी मी पंच होतो. पहिले कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीचे. १९८० साली काळविटांसाठी राखलेले हे अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. माळरान, खुरटे गवत, अधूनमधून हिवर-बाभळी, आणि पहाटेच्या कोवळ्या उन्हात अचानक उमटणारी ती काळी-पांढरी, पिळदार शिंगांची राजस आकृती. वादीच्या बाजूने साक्षीला एका बँकेतले सेवानिवृत्त रोखपाल होते, त्यांच्या गळ्यात तीच १८ ते ४०० ची लेन्स. प्रतिवादीच्या बाजूने शहरातले एक दंतवैद्य, ज्यांच्या पाठीवर त्रिमूर्ती एका बॅगेत निजलेली होती. रोखपाल स्वभावतः हिशेबी. सुटे पैसे जसे पूर्वी हाताशी ठेवीत, तशी त्यांनी लेन्स हाताशी ठेवली होती. काळवीट उठला, त्यांनी कडे फिरवले, बटण दाबले, मोकळे झाले. दंतवैद्यांच्या कॅमेऱ्यावर त्या क्षणी २४ ते ७० ची होती, कारण ते माळरानाचे विहंगम दृश्य टिपीत होते. त्यांनी बॅग उघडली. दाढ काढण्यापूर्वी रोग्याला धीर देतात तसा स्वतःला धीर दिला. आधीची लेन्स फिरवून सोडवली, तिच्या पाठीला टोपी घातली, ७० ते २०० च्या पाठीची टोपी काढली, खूण जुळवली, आणि टक् असा आवाज होईपर्यंत ती फिरवली. नगरच्या माळावर वारा कोणासाठी थांबत नाही. त्या उघड्या क्षणात त्याने आपले काम केले, आणि काळविटाने त्याचे.

सायंकाळी छायाचित्रे पडद्यावर पाहण्यात आली. रोखपालांचा काळवीट होता, पूर्ण होता, दोन्ही शिंगांसह होता. परंतु मोठा करून पाहता त्याचे डोळे जरासे स्वप्नाळू दिसत होते. दंतवैद्यांच्या चित्रात गवताची काडी न् काडी मोजता येत होती. काळवीट नव्हता. आकाशात मात्र तीन काळे ठिपके होते, जे आम्ही प्रथम घारी समजलो, आणि जे पुढच्या प्रत्येक चित्रात त्याच जागी घिरट्या घालीत असल्यामुळे सेन्सरवर बसलेली धूळ म्हणून ओळखले गेले. मी पंच ह्या नात्याने वादीच्या बाजूने कौल देऊ केला. भाऊसाहेबांनी तो नोंदवून घेतला, आणि ‘एका साक्षीवर निकाल देणे इष्ट नाही’ असा शेरा मारून सुनावणी पुढे ढकलली.

दुसरी सुनावणी भंडारदऱ्याला झाली, मे महिना सरता सरता, जेव्हा पावसाच्या तोंडावर घाटघर-रतनवाडीच्या बाजूला काजव्यांचा मोहोर येतो. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर, जांभूळ ह्या झाडांवर लक्षावधी काजवे एकदम पेटतात, एकदम विझतात, आणि कळसूबाईच्या त्या काळोख्या मुलखात अख्खे झाड श्वास घेत असल्याचा भास होतो. येथे रोखपालांच्या लेन्सची परीक्षा होती, आणि ती बिचारी नापास झाली. अठराच्या टोकाला तिचे छिद्र एफ ३.५ इतके तरी उघडत होते. पण झाड जवळ आणावे ह्या स्वाभाविक लोभाने त्यांनी कडे जसजसे फिरवले, तसतशी ती अधिकाधिक मिटत गेली, आणि शेवटच्या टोकाच्या एफ ६.३ ला तर एफ २.८ च्या एक-पंचमांश उजेडच आत येतो. काळोखात स्थिर होण्यास तिला जागा सापडेना. ती घर्रघर्र करीत पुढेमागे धावत राहिली. दंतवैद्य मात्र त्या रात्री सूड घेतल्याच्या आनंदात होते. त्यांच्या कॅमेऱ्याने सोनेरी ठिणग्या टिपल्या. त्या अपेक्षेहून फारच थोड्या भरल्या, तेव्हा त्यांनी भाऊसाहेबांना सांगितले, की मासिकांतून झळकणारी ती भरगच्च चित्रे एका दमात काढलेली नसतात, कित्येक चित्रे संगणकावर एकावर एक चढवून ती सिद्ध होतात. भाऊसाहेब हादरले. एका सातबारावर दुसरा सातबारा चढवून जमीन वाढविण्याचे प्रकार त्यांनी नोकरीत पाहिले होते. “म्हणजे खाडाखोड!” एवढेच ते म्हणाले. ह्या गदारोळात आमच्या वाटाड्याने, एका आदिवासी तरुणाने, तीनदा बजावले होते, की काका, बत्ती बंद करा, उजेडाने काजवे लाजतात. आणि तिन्ही वेळा ती बत्ती भाऊसाहेबांची होती, कारण त्यांना टिपण लिहावयाचे होते. काजवे कसे होते असे परतताना मी त्यांना विचारले. “एक-एक अशी बरोबरी झाली,” ते समाधानाने म्हणाले.

ह्यावरून कोणास वाटेल, की हा मनुष्य निर्णयाला असमर्थ आहे. तसे मुळीच नाही. दुसऱ्याच्या प्रकरणात भाऊसाहेबांइतका झटपट आणि अचूक निकाल देणारा अंमलदार जिल्ह्यात नसेल. शेवगावकडचे एक शिक्षक एकदा त्यांच्याकडे आले. जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी शेवगाव-नेवाशाच्या शिवाराला भिडते, हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात, आणि शिक्षकांना ते टिपावयाचे होते. पगार ठरलेला, मुलगी बारावीला. चहाचा कप रिकामा होण्यापूर्वी निकाल लागला. “पक्षी लांब, पाय चिखलात, लेन्स बदलायला कोरडी जागा नाही, आणि मोटारसायकलवर तीन किलो ओझं नको. एकच झूम घ्या. चित्र शाळेच्या भिंतीवर लावणार ना? मग कोपऱ्यांकडे कोण पाहतंय!” दमडी मशिदीच्या नाजूक कोरीव कामाचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना त्यांनी तितक्याच तडकाफडकी ५० मिलिमीटरची स्वस्त प्राइम लेन्स घ्यावयास लावली: पत्थर पळून जात नाही, मग झूमची गरजच काय, बाई चार पावले पुढे जातील! लग्नाची कामे घेणाऱ्या एका तरुणाला मात्र त्यांनी कर्ज काढून त्रिमूर्तीतल्या दोन घ्यावयास सांगितले, कारण मांडवातला उजेड आणि वधूपित्याचा स्वभाव ह्या दोहोंचा भरवसा नसतो. तिघेही आजतागायत सुखी आहेत. पन्नास मिलिमीटरच्या एका लेन्सवर आयुष्य काढणाऱ्या आँरी कार्तिए-ब्रेसाँचा दाखला ते अशा वेळी देतात, आणि ऐकणारा उत्साहाने लेन्स घेऊन टाकतो. स्वतःला तो दाखला त्यांनी कधी दिल्याचे ऐकिवात नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर लेन्स घेणे हे भाऊसाहेबांना परवडणारेच नाही, आणि मी पैशांविषयी बोलत नाही. दोन्ही पक्ष जोवर दरवाजात उभे आहेत, तोवर हा गृहस्थ अधिकारी आहे. एकाला आत घेतले, की दुसऱ्या दिवसापासून तो आणखी एक फोटो काढणारा होऊन बसेल, आणि त्याचे फोटो कसे आहेत हे लोक विचारू लागतील. त्रिमूर्ती घेतली आणि चित्र बिघडले, तर दोष कोणाच्या माथी मारावयाचा? किट लेन्सच्या आश्रयाला असलेल्या माणसाला ही विवंचना नसते.

ज्यांना सल्ला दिला, त्यांच्याकडून मात्र ते एक शुल्क वसूल करतात. नवी लेन्स आली, की ती एका रविवारपुरती भाऊसाहेबांकडे तपासणीसाठी सुपूर्द करावयाची. त्याची रीतसर ताबेपावती होते: लेन्सचा क्रमांक, टोपी पुढची एक, मागची एक, काचेवर ओरखडे नाहीत, देणार, घेणार, साक्षीदार. तपासणीचे स्थळही मुक्रर आहे. पाथर्डी रस्त्याला शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर जी तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत दुरून दिसते आणि जिला सारे नगर चांदबीबीचा महाल म्हणते, ती. ती महाल नव्हे आणि चांदबीबीचीही नव्हे. चौथा निजामशाह मुर्तझा ह्याचा वजीर दुसरा सलाबतखान ह्याची ती कबर. ‘मालकी एकाची, वहिवाट दुसरीच्या नावे, आणि शतकानुशतके फेरफाराची नोंद नाही,’ ह्या एका गोष्टीने भाऊसाहेब जितके अस्वस्थ होतात, तितके चांदबीबीच्या दुर्दैवी अंताने होत नाहीत. पण इमारत अष्टकोनी असल्यामुळे तिची प्रत्येक बाजू सपाट, आणि लेन्स कोपऱ्यापर्यंत तीक्ष्ण आहे की नाही, हे पाहण्यास सपाट, रेखीव सांध्यांच्या दगडी भिंतीसारखी साक्ष नाही. जोत्यापासून फितीने मोजून त्यांनी एक जागा कायम केली आहे. तेथे तिवई, तेथेच उंची, सकाळची तीच वेळ, शक्य तेथे ५० मिलिमीटर, आणि उघड्या छिद्रापासून एफ १६ पर्यंत एकेक पायरी. समोर तीच एक कमान आणि तिच्या भोवतालची तीच भिंत. सूर्योदय पाठीशी होतो, मोर ओरडतात, सकाळी टेकडी चढून येणारे तरुण त्यांना हात करतात. भाऊसाहेब भिंतीचा कोपरा टिपीत असतात.

अशी कित्येक वर्षांची भिंत त्यांच्याजवळ साठली आहे, हे बाहेर कळले ते एका विद्यार्थिनीमुळे. ती वास्तुशास्त्र शिकत होती, जुन्या इमारतींच्या सांध्यांत झाडे कशी शिरतात ह्यावर तिचा प्रबंध होता, आणि सलाबतखानाच्या कबरीची मागील काही वर्षांची छायाचित्रे तिला हवी होती. नगरकरांजवळ ती हजारोंनी निघाली. प्रत्येकात पुढे कोणीतरी उभे होते: लग्नाआधीची जोडपी, वाढदिवसाची मुले, दहावीच्या निरोपाचे घोळके. आणि ज्यांच्याजवळ उत्तमोत्तम लेन्स होत्या, त्यांची चित्रे तर तिला सर्वांत निरुपयोगी ठरली. कारण एफ १.८ ला मागची भिंत अशी काही लोण्यासारखी वितळते, की ती सलाबतखानाची आहे की भाजीबाजाराची, हे सांगता येऊ नये. ही वितळलेली पार्श्वभूमी मिळावी म्हणूनच लोक पैसे मोजतात. जिच्यापुढे कोणी उभे नाही, जी कडेपर्यंत शाबूत आहे, अशी भिंत अख्ख्या जिल्ह्यात एकाच मनुष्यापाशी होती.

भाऊसाहेबांनी तिला संगणकापुढे बसवले आणि नोंदवही उघडली. दिनांक, वेळ, लेन्स, मालक, छिद्र, आयएसओ, आकाश निरभ्र किंवा ढगाळ. मुलगी एकामागून एक चित्रे पाहू लागली, आणि तिचा श्वास हळूहळू बदलला. कमानीच्या उजवीकडे, वर, दोन चिऱ्यांच्या सांध्यात एका पावसाळ्यानंतर टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका होता. पुढच्या लेन्सच्या वेळी दोन पाने. त्यापुढच्या वेळी बोटभर काडी. मग कोणीतरी उपटल्याची तपकिरी खूण; मग पुन्हा, त्याच जागी, हट्टाने, पाने. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके ह्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून, रोज थोडे थोडे चित्रण करून, ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट सिद्ध केला होता, आणि तो पाहूनच भांडवलदाराने त्यांच्यासाठी पैशाची थैली सोडली, हे मी त्या दोघांना सांगितले. मुलीने मान डोलावली. भाऊसाहेबांनी फाळक्यांची लेन्स कोणती होती, असे विचारले.

“काका, रोप पहिल्यांदा दिसतं ना, तो एक फोटो मला प्रबंधात लावायला द्या,” मुलगी म्हणाली.

भाऊसाहेबांनी नोंद पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. तो रविवार शेवगावच्या शिक्षकांच्या झूम लेन्सचा होता. “तो नको. पुढच्याच महिन्यातला घ्या, प्राइम लेन्सचा आहे, काय सांधे आलेत बघा त्यात!”

“पण मला पहिला दिसला तोच हवा. तारीख महत्त्वाची आहे.”

“अहो, त्याचा डावीकडचा खालचा कोपरा पार अंध आहे. अशी प्रत मी साक्षांकित कशी करू?”

“रोप उजवीकडे वर आहे, काका.”

“रोपाचं ठीक आहे हो,” भाऊसाहेब कळवळून म्हणाले, “पण कोपऱ्याचं काय?”

हा तिढा बराच वेळ सुटेना. अखेर वहिनींनी आतून चहा आणि सुपारीचा डबा पाठविला, त्या मध्यस्थीच्या दबावाखाली भाऊसाहेबांनी कपाटातून एक कोरा कागद काढला, आणि ‘सदर छायाचित्राच्या डावीकडील खालच्या कोपऱ्याबाबत अर्जदाराची आज रोजी अगर पुढे केव्हाही कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे सुवाच्य अक्षरांत लिहून, त्याखाली मुलीची सही आणि साक्षीदार म्हणून माझी घेतल्यावर, ते छायाचित्र तिच्या स्वाधीन केले.